दहा डिग्री कमी

वर्ध्याला माझ्या घरमालकांच्या घरी एकच पंखा होता आणि तो माणसांसाठी नव्हता. पुढच्या खोलीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या बाकावर पाठी उघडलेले रेडिओ ओळीने मांडलेले असत आणि पंखा त्यांच्याकडे तोंड करून फिरत असे. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं. गिऱ्हाईक घाम पुसत आत आलं आणि सवयीने पंख्यासमोर उभं राहिलं, की मालक मान वर न करता म्हणत, "जराशे बाजूले व्हा. त्यायचा वारा अडवून राह्यले तुमी."

त्यायचा म्हणजे कंडेन्सरांचा.

मी त्यांना काकाजी म्हणायची, कारण तिकडे सगळेच म्हणत. मी नाशिककडची. मूकबधिर मुलांच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगारही विचारला नाही. "बाई, तुमच्यापाशी रेडिओ हाये?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर चेहरा उतरला. "एलिमिनेटर?" बॅटरीवरचा रेडिओ विजेवर चालवायचा तो डबा, हे मला पुढे कळलं; तेव्हा तो काय असतो तेच ठाऊक नव्हतं. "मंग राहा," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली आणि आत निघून गेले. या माणसाचं नि आपलं जमणार नाही, असं मी त्या रात्री घरी पत्रात लिहिलं. ते पत्र टाकायचं राहिलं ते राहिलंच.

कंडेन्सर म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं, माझी काही इच्छा नसताना. रेडिओच्या पोटात पॉवर सप्लाय नावाचा भाग असतो. भिंतीतली वीज घ्यायची आणि यंत्राला मानवेल अशी करून द्यायची, हे त्याचं काम. त्यात ॲल्युमिनियमची अंगठ्याएवढी डबी असते, ती कंडेन्सर. "नळ कसा येते, बाई? धो-धो येते, थांबते, फुस्स करते, पुन्हा येते. पन रांजनात भरून ठेवला त गडू सारखा भरते की नाई? तसा हा रांजन हाये." या रांजणाच्या आत ओलसर कागदाची गुंडाळी असते. "थे वल्लं हाये तवरच जितं हाये. सुकलं की संपलं. मंग रेडिओ गात नाई, घुमते नुसता. घूंऽऽ." आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात काय सुकत नाही? पापड, कुरड्या, माणसं, सगळंच सुकतं. दहा डिग्री कमी करा, कंडेन्सरचं आयुष्य दुप्पट होतं, असं त्यांनी कुठल्याशा माहितीपुस्तकात वाचलं होतं. तेव्हापासून हे वाक्य त्यांचा धर्म झालं होतं.

नुसत्या कंडेन्सरांपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. रस्त्याने जाताना ते सावली धरून चालत आणि सावली संपली की गल्ली बदलत. पाच मिनिटांवरच्या पोस्टात जायला त्यांना अर्धा तास लागायचा. चहा बशीत ओतून इतका निववायचे की त्याला चहा म्हणणं ही भाबडी आशा. कुणी संतापून बोलायला लागला की शांतपणे म्हणत, "सुकला बिचाऱ्याचा," आणि त्याला पाणी देत. हे ते माझ्याबद्दलही बऱ्याचदा म्हणाले आहेत. त्यांचा मुलगा भिलाईला पोलादाच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याला लिहिलेल्या पत्रात खुशालीच्या आधी, भट्टीपासून किती लांब उभा राहतोस, असा प्रश्न असे.

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणत असे. ठेंगणी, ठसठशीत बाई, आणि तोंडाला कुलूप नाही. "माहा बाप म्हने, पोट्टा कारागीर हाये. मले काय मालूम, याचं लगन आधीच डब्यांसंग लागलं म्हून." हे सगळं काकाजींच्या देखत, त्यांना ताटात भाकर वाढता वाढता. ते हसत आणि भाकर निवायची वाट पाहत.

त्या काळी घरात रेडिओला देव्हाऱ्याच्या खालोखाल मान. त्याच्यावर हमखास भरतकामाचं आच्छादन असायचं. समोरासमोर दोन पोपट, मध्ये 'सुस्वागतम्'. काकाजींचं या आच्छादनांशी हाडवैर होतं. दुरुस्त केलेला रेडिओ घरपोच द्यायला ते स्वतः जात ते एवढ्यासाठीच. आधी आच्छादन ओढून काढायचं, मग रेडिओखाली लाकडाचे चार ठोकळे घालायचे म्हणजे खालून हवा खेळेल. मागच्या पुठ्ठ्याला भोकं तर दुकानातच पाडलेली असत, आणि आतला कंडेन्सर तापणाऱ्या व्हॉल्व्हपासून, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांपासून, हातभर वायर जोडून लांब नेऊन बसवलेला असे. एका घरी नव्या सुनेने माहेराहून भरून आणलेले पोपट त्यांनी असेच ओढले. "भर उन्हाळ्यात तुमाले कोनी गोधडी पांघरली त?" सून रडायला लागली. सासूने काकाजींना घराबाहेर काढलं. काकाजी दुकानात परत आले. संध्याकाळी खोक्याच्या फळ्या तासून त्यांनी एक चौकट केली, वर काच बसवली आणि परत त्या घरी गेले. "हे भिंतीवर लावा, बाई. पोपट बी दिसन अन् कंडेन्सर बी जगन." ती चौकट मी स्वतः पाहिली आहे. घरात शिरल्याबरोबर समोर.

अशा माणसाचा धंदा कसा चालणार? त्यांच्या हाताखालून गेलेला रेडिओ परत येतच नसे. "दुकानदारानं गिऱ्हाईक माघारी येईन असं काम करावं," काकू म्हणत. "हे त कायमचं धाडून देते."

एकदा काकूंना ताप आला. ताप मोजायला थर्मामीटर शोधलं तर कपाटात नाही. शेवटी ते पुढच्या खोलीत सापडलं, एका रेडिओच्या पोटात, कंडेन्सरला दोऱ्याने बांधलेलं आणि फुटलेलं. काकाजींना वाईट वाटलं, पण आनंद लपवता येईना. "पारा एकशे आठच्या वर गेला, बाई. म्हनजे माहा अंदाज बरोबर होता." आतून काकूंचा आवाज आला, "अन् माहा?" तेव्हा कुठे ते आत गेले. बोटाची पाठ त्यांच्या कपाळावर ठेवून बराच वेळ उभे राहिले. रेडिओ तापला की नाही हे ते तसंच बघत. मग त्यांनी पुढच्या खोलीतला पंखा उचलून आणला आणि खाटेजवळ ठेवला. दोन दिवस तो तिथेच होता. दोन दिवस काकाजी बाकापाशी उभं राहून जुन्या वर्तमानपत्राने कंडेन्सरांना वारा घालत होते, आणि मधूनमधून आत जाऊन काकूंच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होते. मी तेव्हा हसले होते. आज ते आठवलं की हसू येत नाही, नुसतं भरून येतं.

महिन्यातून दोनदा, एकादशीला, ते स्वतः उपास करत आणि कंडेन्सरांना जेवू घालत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक रांजण होता. त्याच्या तळाला ओली रेती, रेतीत पत्र्याचा बंद डबा आणि डब्यात त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेले सुटे कंडेन्सर. नुसता गारवा पुरत नाही, कामाविना पडून राहिला तरी कंडेन्सर खराब होतो, असं ते सांगत. आतली एक पातळ साय विजेवर पोसलेली असते. वीज मिळाली नाही तर ती विरते, आणि मग एकदम पूर्ण वीज दिली की तो फुटतो. म्हणून एकादशीला सकाळी आंघोळ करून ते एकेक काढत आणि मध्ये विजेचा दिवा जोडून त्याच्या आडून थोडी थोडी वीज त्याला पाजत. "उपाशी मानसाले पयल्याच घासाले पुरनपोळी चारता का? आधी पेज." काकू म्हणत, "बाई, पाहा. मानूस उपाशी अन् डब्यायले पारनं."

काकाजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. हिवाळ्यात गेले, म्हणजे त्यांच्या आवडत्या दिवसांत. त्यानंतर कधीतरी मी सेलूला एका सहशिक्षिकेच्या घरी गेले होते. घरात टीव्ही आलेला. कोपऱ्यात जुना रेडिओ, चार ठोकळ्यांवर. मी न विचारताच त्याची पाठ उघडून बघितली. आत पिवळी पडलेली चिठ्ठी होती, अक्षर ओळखीचं. 'आच्छादन घालू नये. उन्हात ठेवू नये. पंधरा दिवसांतून एकदा तरी लावावा.' तिचे सासरे म्हणाले, "टीव्हीच पाह्यतो आता. पन त्यानं लिहून ठेवलं ना, म्हून दर एकादशीले लावतो." मी बाहेर ओसरीवर जाऊन उभी राहिले.

पण मला सांगायचं आहे ते कुंदाचं.

आमच्या शाळेत एक बोलका वर्ग होता. कुठल्याशा परदेशी देणगीतून एक मोठं श्रवणयंत्र आलेलं होतं. लाकडी पेटीत आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, त्याला जोडलेले दहा हेडफोन. मी मायक्रोफोनमध्ये बोलायचं आणि दहा मुलांनी ऐकायचं. अगदी ठार बहिरं मूल क्वचित असतं. बहुतेकांच्या कानात थोडं काही शिल्लक असतं आणि ते बहुधा जाड, खर्जातल्या आवाजापुरतं. तेवढ्या शिल्लकीवर आम्ही भाषा उभी करायची. त्यासाठी मुलाच्या आयुष्यात थोडीच वर्षं मिळतात. ती गेली की गेली.

कुंदा वडनेरची, सात वर्षांची. तिचे वडील गावच्या शाळेत शिपाई होते. तिला वसतिगृहात ठेवताना ते मला म्हणाले होते, "दोन वर्ष पाहू, बाई. बोलली त ठीक. नाई त घरीच बरी, तिची माय रडते." त्यांचं काही चुकत नव्हतं. घरी त्यांना आणखी तीन लेकरं होती, आणि हिला मात्र दूर परक्या गावी ठेवायचं. दुसरं वर्ष संपत आलं होतं. एप्रिलअखेर सुट्टीसाठी ते तिला न्यायला येणार होते, आणि जूनमध्ये परत आणायचं की नाही ते तेव्हा ठरणार होतं.

रविवारी मी कधीमधी तिला घरी आणत असे. फेब्रुवारीतला असाच एक रविवार. मला तिचं कौतुक करून दाखवायचं होतं. मी पाण्याचा पेला दाखवला, ओठांवर बोट ठेवलं. कुंदाने छाती फुगवली आणि म्हणाली, "म्म्म्पाणी."

काकूंनी तिच्या हातावर लाडू ठेवला. मी आईसारखी फुलले. काकाजी मात्र हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले.

"बाई, हे पयले कायचं घुमनं?"

"कसलं?"

"पानी म्हनाच्या आधी घुमली ना थे."

"तिची सवय आहे काकाजी. वर्गातली सगळीच तशी बोलतात."

"सगळेच?"

"हो."

"अन् तुमी नवीन आल्या तवाचे पोट्टे?"

मला ती मुलं आठवली. पहिल्या वर्षीची मुलं तशी बोलत नव्हती.

काकाजींनी कुंदाला जवळ बोलावलं. तिचा तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि ओठ मिटून खाली खर्जात घुमले. कुंदा खूश झाली. जोरजोरात मान हलवून तिनेही तोच स्वर लावला. मग ते उठले आणि बाकावरचा एक आजारी रेडिओ लावला. खोलीभर घूंऽऽ सुरू झालं. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तो स्वर आणि पोरीचा स्वर एकच होता, हे मलाही कळलं.

सोमवारी ते शाळेत आले. श्रवणयंत्र लावून हेडफोन कानाला लावले, लगेच काढले आणि माझ्या हातात दिले. मी ऐकलं. माझा आवाज त्या घुमण्याच्या तळाशी कुठेतरी होता.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुमी पोट्ट्यायले आमचा सुकला कंडेन्सर शिकवून राह्यल्या."

मी त्यांच्यावर चिडले. यंत्रावर आवाज किती पोचतो ते दाखवणारा एक काटा होता, तो मी रोज न चुकता बघत होते आणि तो छान वर असायचा. घुमणं वाढलं म्हणूनच तो वर असतो, कोणी बोलत नसतानाही, हे मला ठाऊक नव्हतं. पण खरं सांगायचं तर पहिल्या काही महिन्यांनंतर मी एकदाही हेडफोन स्वतःच्या कानाला लावला नव्हता. मला ऐकू येतं ना, मग मला काय गरज. मुलं तक्रार करणार नव्हती, कारण जग असंच असतं अशी त्यांची समजूत. दीड वर्ष मी दहा मुलांना शिकवलं होतं की प्रत्येक शब्द घुमण्यापासून सुरू होतो. त्या दिवशी सामानाच्या खोलीत दार लावून मी रडले, आणि ती लाज अजून पुरती गेलेली नाही.

मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, सांगून टाकलं. परदेशी यंत्र, तो भाग इथे मिळायचा नाही, बोलका वर्ग बंद करू आणि मुलांना शिवणवर्गात बसवू. काकाजी म्हणाले, "डबी माह्यापाशी हाये." दुसऱ्या दिवशी त्यांनी रांजणातून चार कंडेन्सर काढून आणले, एकादशा खाऊन पोसलेले. तासाभरात ते जोडले. मी हेडफोन लावला. इतकं शांत होतं की माझा श्वास ऐकू येत होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

कुंदाने हेडफोन लावला. मी म्हटलं, "कुंदा, पाणी." तिने यंत्राकडे बघितलं. पेटीवर टकटक केलं. मग हेडफोन काढून काकाजींच्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही मुठी पिळून दाखवल्या. मोडलं, असं सांगायची ती आमच्या मुलांची खूण. बाकीच्यांचंही तेच. घुमणं आहे म्हणजे यंत्र चालू आहे आणि त्याच्यापाठोपाठ बाईंचा आवाज येणार, एवढंच त्यांना माहीत होतं. घुमणं नाही म्हणजे ऐकायला काहीच नाही. आठवडाभर कुंदाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. येत होते तेही शब्द गेले.

आठवड्याच्या शेवटी एका संध्याकाळी मी घरी येऊन काकाजींना नाही नाही ते बोलले. "तुमच्या कंडेन्सरनं माझी बोलती मुलं मुकी केली," असंही म्हणाले. माझा सुकला आहे, असं ते म्हणतील अशी मी वाट बघत होते. ते उठून पुढच्या खोलीत गेले. रात्री जेवले नाहीत, हे काकूंनी सांगितलं.

सकाळी मी तोंड धूत होते तर ते दारात उभे.

"चूक माही झाली, बाई. इतक्या दिवसाची सवय एका दिवसात काढाची नसते. मले हे मालूम पाह्यजे होतं."

"मग आता?"

"थेच सुकं परत लावतो. अन् हप्त्या-हप्त्यानं घूं कमी करतो. पोट्ट्यायले पत्ता नाई लागला पाह्यजे."

त्यांनी खरंच तो मेल्यात जमा असलेला कंडेन्सर परत जोडला आणि यंत्र पुन्हा घुमायला लागलं. कुंदाने हेडफोन लावला, हसली आणि म्हणाली, "म्म्म्पाणी." आयुष्यभर घूं बंद करत आलेला तो माणूस मान खाली घालून ते ऐकत होता.

सुकलेल्या कंडेन्सरशेजारी दर सोमवारी एक छोटा, चांगला कंडेन्सर ते जोडत. घुमणं किंचित उतरे. एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. जुना कंडेन्सर कोणत्याही दिवशी आतून फुटू शकत होता आणि फुटला असता तर ट्रान्सफॉर्मरही सोबत घेऊन गेला असता. मग यंत्रही गेलं आणि वर्गही. त्याला एप्रिलअखेरपर्यंत जगवायचं होतं, तेही वर्ध्याच्या एप्रिलमध्ये. काकाजींनी दुकान अर्धवेळ बंद केलं. घरचा पंखा खांद्यावर टाकून शाळेत आणला. यंत्रामागच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला आणि त्यावर पाणी मारायचं काम स्वतःकडे घेतलं. वर्ग सुरू झाला की ते मुलांकडे पाठ करून पेटीसमोर स्टुलावर बसत आणि दर थोड्या वेळाने बोटाची पाठ त्या डबीला लावत. तापली वाटली की हात वर करत. मग मी शिकवणं थांबवायचं, यंत्र बंद, मुलांनी अंगणात पळायचं. डबी निवल्यावर पुन्हा चालू. एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली, तेवढीच सुटका. मोठे सर दारातून डोकावून जात. काकू एकदा डबा घेऊन आल्या, नवऱ्याला पंख्याशेजारी बसलेलं बघितलं आणि म्हणाल्या, "चला, ह्या निमित्तानं यायले बी वारा लागला."

एका सोमवारी काकाजींनी घाई केली, नेहमीपेक्षा मोठा कंडेन्सर जोडला. कुंदाने लगेच पेटीवर टकटक केलं. त्यांनी तो काढून लहान लावला आणि त्या दिवशी घरी परत जाताना ते सावली धरायलाही विसरले. एप्रिलच्या मध्यावर जुन्या डबीचं बूड फुगलं. तेव्हापासून तासभर वर्ग आणि तासभर विश्रांती. मी दिवस मोजत होते. कुंदाच्या शब्दाआधीचं घुमणं आखूड होत होतं. कधी नसायचंच, कधी परत यायचं, आणि मला वाटायचं की हे या पोरीच्या हाडीमाशी मुरलं आहे.

सुट्टीच्या तीन दिवस आधी त्यांनी जुना कंडेन्सर काढला. आता फक्त चांगले होते. हेडफोनमध्ये काही घुमत नव्हतं. मुलं आपापल्या जागी बसली, कुणी टकटक केलं नाही. काकाजी नेहमीसारखे पाठ करून पेटीत डोकं घालून बसले होते.

"काका."

आमच्या शाळेत हाक मारणं हा प्रकार नव्हताच. मुलांना कुणी हवं असलं तर ती येऊन पदर ओढत, नाहीतर जमिनीवर पाय आपटत. त्यामुळे काकाजी सहज वळले, बाहेरचं कोणी आलं असेल म्हणून. कोणी नव्हतं. कुंदा त्यांच्याकडे बघत होती. तिने स्वतःच्या ओठांवर हात ठेवला. आपण तोंडाने काहीतरी केलं आणि लांब बसलेला माणूस वळला, हे तिला नुकतंच कळत होतं. काकाजींनाही कळलं. ते पुन्हा पाठ करून बसले आणि थांबले. "काका." ते वळले. पुन्हा पाठ केली. किती वेळा झालं मी मोजलं नाही. त्यांचा चेहरा पेटीकडे असायचा तेव्हा फक्त मला दिसायचा, आणि ते मोकळेपणाने रडत होते.

शेवटच्या दिवशी सकाळी कुंदाचे वडील आले. मी तिची वही पुढे केली, प्रगती सांगायला लागले. ते आदराने ऐकत होते, पण मन ठरलेलं दिसत होतं. "तुमी लय केलं, बाई," ते म्हणाले. "पन तिची माय म्हनते, पुरे झालं आता. चार भांडे घासाले शिकन, घरात राहीन." त्यांनी कुंदाची पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली, तिला यायची खूण केली आणि अंगण ओलांडून फाटकाकडे चालू लागले. बसची वेळ झाली होती.

कुंदा पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. काकाजी तिच्या शेजारी बसले होते. सुट्टीत यंत्र कुठे ठेवायचं ते बघायला आले होते. त्यांनी तिच्या खांद्याला बोट लावलं आणि फाटकाकडे जाणाऱ्या त्या पाठीकडे बोट दाखवलं. दुसरं काही केलं नाही. कुंदाने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मग उभी राहिली.

"बाबाऽ."

हाक काही सुरेल नव्हती. आवाज पातळ होता आणि दुसरा बा फार लांबला. पण तिच्याआधी काही नव्हतं, नुसता बाबा होता.

"ओ," ते चालता चालता म्हणाले, घरी तीन लेकरं हाका मारतात त्या बापाला सवय असते तसे. "चाल लवकर, गाडी निघून जाईन."

आणखी दोन पावलं पुढे गेले. मग थांबले. पेटी खांद्यावर तशीच धरून वळले आणि अंगणभर नजर फिरवली. अंगणात मी होते, काकाजी होते आणि कुंदा होती. दुसरं मूल नव्हतं.

त्यांनी पेटी जमिनीवर ठेवली आणि परत आले. कुंदापुढे उभे राहिले. हात कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधत बसले. ती नीट बांधली जाईना. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "बाई, शाळा जूनमंधी कोन्त्या तारखीले उघडते?"